पट्टीखालचा नंबर

वाहन नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या तपासनिसाला सगळे पेन्सिलसाहेब म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणतात असा त्यांचा स्वतःचा समज होता. गाडी नावावर करून घ्यायला कुणी आलं की तिच्या इंजिनावर पातळ कागद धरायचा, त्यावर आडवी पेन्सिल घासायची आणि खाली ठोकलेला नंबर कागदावर उमटवून घ्यायचा, हे त्यांचं काम. एखादा आकडा जरा पुसट आला की साहेबांची कळी खुलायची. "हा तीन की आठ?" ते विचारत. समोरचा काकुळतीला येऊन म्हणे, "तीनच आहे हो साहेब." "तुम्ही म्हणून तीन होत नाही," असं म्हणून कागद परत. त्यांच्या नावानं किती जणांनी बोटं मोडली, याची नोंद ठेवायला कार्यालयात रजिस्टर नव्हतं, नाहीतर तेही त्यांनी चोख ठेवलं असतं.

निवृत्तीनंतर असा माणूस घरात करणार काय? पहिले सहा महिने त्यांनी बायकोला पातेल्यांची झाकणं कोणत्या क्रमानं लावावीत ते शिकवलं. बायको रुग्णालयात परिचारिका होती, नोकरीची दोन वर्षं अजून बाकी होती. ती ऐकून घ्यायची, स्कूटरला किक मारायची आणि कामावर निघून जायची.

मग लेकीच्या नेमणुकीचं पत्र आलं. लेक जनावरांची डॉक्टर. लांबच्या एका भागात तिची नेमणूक झाली होती. वस्त्या विखुरलेल्या, रस्ते खडबडीत, म्हणून अट एकच होती: रुजू होताना स्वतःच्या नावावर दुचाकी हवी. नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"आजोबांची गाडी आहे ना!" लेक म्हणाली. आजोबा विजेच्या तारा जोडणारे. त्यांनी जन्मभर ती मोटरसायकल खांबाखांबांवरून हिंडवली होती आणि जाताना "ही नातीची" असं सांगून ठेवलं होतं. कागदोपत्री ती साहेबांच्या नावावर झाली आणि शेडमध्ये आठ वर्षं उभी राहिली. मेस्त्रीनं येऊन कार्ब्युरेटर खोलला, ब्रेक बदलले, साखळी घट्ट केली आणि दोन दिवसांत गाडी गुरगुरायला लावली.

"झालं काम," मेस्त्री हात पुसत म्हणाला. "आता ताई हिला जगाच्या टोकाला नेऊ देत."

"झालं कसं?" साहेब म्हणाले. "हिचा अवतार बघा."

अवतार होता खरा. इंजिनाची झाकणं, चाकांचे हब, पुढच्या शॉकअपच्या नळ्या, जे जे म्हणून ॲल्युमिनियमचं होतं त्यावर पांढरा बुरा चढला होता. बोट फिरवलं तर बोट पांढरं व्हायचं.

"बाबा, मला गायी तपासायच्यात," लेक म्हणाली. "गायींना काय, चमकली काय नि न चमकली काय."

"माझ्या हातून गाडी अशी जाणार नाही," साहेब म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

आता पॉलिश करणं म्हणजे फडका मारणं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं साहेबांपुढे तसं म्हणून दाखवावं. आधी रॉकेलनं तेलकटपणा काढायचा. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, दोनशेवीस नंबरचा. तो झाला की चारशे, सहाशे, हजार, दोन हजार. प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचं, एक जरी राहिला तरी मागे फिरायचं. शेवटी ड्रिलला बफिंगचं चाक लावून साबणासारख्या वडीनं चकाकी आणायची. फडक्यावर काळं येतं, पुसलं की पुन्हा काळं येतं, आणि ॲल्युमिनियमचा हा काळेपणा माणसाचं आयुष्य संपलं तरी संपत नाही. कुणीतरी सांगितलं, वर कोरडं पीठ चोळलं की उरलेलं काळं निघतं. साहेबांनी स्वयंपाकघरातला डबा उचलून नेला.

"अहो, निदान मोजून तरी न्या," बायको म्हणाली. संध्याकाळी डबा रिकामा परत आला, वर काळ्या बोटांचे पाच ठसे.

दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं, आठवड्याचे दोन झाले. लेक म्हणायची, "बाबा, पुरे." साहेब म्हणायचे, "हब राहिलेत." हब झाले की नळ्या राहिलेल्या असत, नळ्या झाल्या की पहिलं झाकण पुन्हा मंद वाटू लागे. लेकीला चालवून बघायची होती, तर साहेब म्हणत, "आत्ता नको, धूळ बसेल." तिची बॅग भरून दाराशी उभी होती. साहेब त्या बॅगेला वळसा घालून शेडकडे जात आणि तिच्याकडे बघत नसत.

एवढं मात्र खरं, की पहिल्याच दिवशी त्यांनी शहाण्या माणसासारखं एक काम केलं होतं. इंजिनाच्या डाव्या बाजूला, सिलिंडरच्या पायथ्याशी जो नंबर ठोकलेला असतो, त्यावर चिकटपट्टी लावली होती. एकतीस वर्षं हेच ज्ञान त्यांनी मेस्त्री लोकांना फुकट वाटलं होतं: घासायच्या आधी नंबर झाका, एकदा गेला की गेला.

पण गुरुवारी दुपारी, सगळं इंजिन आरसा झाल्यावर, ती दोन बोटांची जागा त्यांच्या डोळ्यांत सलायला लागली. पट्टी उचलून पाहिली. खाली पांढरा, खडबडीत, रोगट तुकडा. साहेबांनी पट्टी परत लावली. चहा प्यायले. परत आले. परत काढली. मेस्त्री शेजारच्या गॅरेजात होता, लेक दुकानात गेली होती, बायको कामावर. साहेबांनी म्हणे फक्त कडेकडेनं हात फिरवायचं ठरवलं. कडेनं उजळलं तशी मधली जागा जास्तच भकास दिसायला लागली. मग त्यांनी ड्रिल घेतलं. आठ वर्षांच्या गंजानं आकडे आधीच उथळ झाले होते, त्यांनी फारसा त्रास दिला नाही. तासाभरात तिथंही चेहरा दिसायला लागला. पेन्सिलसाहेबांचाच.

गाडी लेकीच्या नावावर करायला नोंदणी कार्यालयात शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. लेक मोटरसायकलवर पुढे, मागून स्कूटरवर बायको आणि तिच्या पाठीमागे साहेब. ही स्कूटर म्हणजे चारही बाजूंनी चेपलेली, चिखलानं माखलेली, आरसा एकच आणि तोही तारेनं बांधलेला. साहेबांना तिच्यावर बसायची लाज वाटायची, पण मोटरसायकलवर कुठं चिखल उडतोय ते मागून बघायला ती सोयीची होती. ते वाटभर बघत होते. चिखल उडाला तरी एकदाही ओरडले मात्र नाहीत, आणि बायकोला ते जरा खटकलंच.

तपासणीच्या आवारात आता साहेबांच्याच हाताखाली तयार झालेली बाई होती. त्यांना बघून ती उठून उभी राहिली.

"सर! काय गाडी केलीय हो! इतकी वर्षं इथं उभी आहे, असं इंजिन नाही पाहिलं."

आवारातले लोक गोळा झाले. कुणी फोटो काढला. साहेबांची मान ताठ झाली. बाईनं खिशातून पातळ कागद काढला, इंजिनावर धरला, पेन्सिल आडवी केली आणि घासली. कागद एकसारखा राखाडी झाला. तिनं कागद सरकवून पुन्हा घासलं. मग टॉर्च आणला, तिरका धरला, अंगठा फिरवला. लेकही वाकून बघायला लागली.

"सर," बाई हळूच म्हणाली, "इथं काहीच नाही."

"नीट बघ. पुसट असेल."

"पुसटसुद्धा नाही, सर. तीन नाही की आठ नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई बिचारी कानकोंडी झाली होती, पण शिकवलेलं तिच्या हाडीमासी खिळलं होतं. "नंबर नसलेलं इंजिन म्हणजे नियमानं चोरीचा संशय. पोलिसांचा दाखला, कारखान्याचं पत्र, नवा नंबर ठोकायची परवानगी... पाच-सहा महिने लागतील. खरं तर मी गाडी ठेवून घ्यायला हवी. तुम्ही आहात म्हणून घरी न्या. पण चालवू नका, ढकलत न्या."

"सोमवारी रुजू व्हायचंय मला," लेक म्हणाली. "पट्टी होती ना, बाबा? मी पाहिली होती. कुणी काढली?"

"मीच," साहेब म्हणाले. "वाईट दिसत होती ती जागा."

लेकीनं फाइल मिटून काखेत धरली. तिनं आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

इतका वेळ बायको स्कूटरला टेकून उभी होती. ती सरळ झाली. "बाई, अकराची वेळ मोटरसायकलचीच आहे, की हिची?"

"वेळ अर्जदाराची असते. दुसरी गाडी असली तरी चालते. कागद मात्र हवेत."

बायकोनं सीट उचलली. खाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते, ऊनपावसात कधी न हललेले. बाईनं खाली वाकून स्कूटरच्या इंजिनावरचा चिखलाचा एक पोपडा नखानं उडवला. खाली आकडे असे कोरे करकरीत निघाले, जणू कालच ठोकलेत. बारा वर्षांत त्यांना कुणी हातच लावला नव्हता. पेन्सिल एकदाच फिरली. तीन तीनसारखा आला, आठ आठसारखा.

"आई, तू कामावर कशी जाणार?"

"पाय आहेत मला. सही कर इथं."

अर्ध्या तासात स्कूटर लेकीची झाली. तिनं आईला मिठी मारली. बाबांच्या पाया पडताना जरा थांबली, मग पडली. शिक्का मारायला अजून दोन खिडक्या बाकी होत्या, म्हणून ती फाइल घेऊन पळाली.

साहेब आणि बायको मोटरसायकल ढकलत निघाले. ते हँडल धरून पुढे, ती मागे सीटला हात लावून. घर तीन किलोमीटर. येणारे-जाणारे थांबून बघत होते. "वा, काका, काय चकाकतेय!" एकानं तर विचारलं, घरी करायची पद्धत काय. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही शिकवलं नाही.

पुलाशी आल्यावर ते थांबले. मागे न बघताच म्हणाले, "मला माहीत होतं. पट्टी काढताना माहीत होतं. पोर एवढ्या लांब जाऊ नये, असं वाटत होतं मला."

"मलाही वाटत होतं," बायको म्हणाली. "ढकला आता, पुढे चढ आहे."