अकरावा रुमाल

आधी एक काम करा. आहात तिथेच बसा आणि समजा, की तुमची उंची गुडघ्याएवढी झाली आहे. डोळे फारसे कामाचे राहिलेले नाहीत, लांबचे सगळे पुसटसे दिसते आहे. पण नाक असे जागे झाले आहे, की विचारू नका. पायाखालचे गवत काल कोण कोण तुडवून गेले ते सांगते आहे. समोरून येणाऱ्या माणसाने सकाळी दूध प्यायले की चहा, ते तो तोंड उघडायच्या आधीच कळते आहे. आणि तुमच्यासमोर ओल्या गवतावर दहा पांढरे रुमाल ओळीने मांडलेले आहेत. डोळ्यांना दहाही सारखे. एकालाच तुमच्या माणसाचा वास आहे. तो तेवढा उचलून आणायचा.

जमेल?

पिल्लूला जमत असे. एक-दोनदा नाही, सलग सात वर्षे.

पिल्लू हे एका कुत्र्याचे नाव. घरी आले तेव्हा ते आजोबांच्या बुटात मावले, म्हणून पिल्लू. मग ते वाढत वाढत पार वासराएवढे झाले, पुढे तोंडावरचे केसही पिकले, पण नाव बदलायचे राहूनच गेले. आज्ञापालनाच्या स्पर्धेत भोंग्यावरून "पिल्लू, रिंगणात यावे" असे पुकारत आणि हे धूड डुलत डुलत आत शिरे, तेव्हा दोरीपलीकडे दर वेळी हशा पिके. पिल्लूला त्याचे काही वाटत नसे.

आजोबा कुलूपवाले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे दुकान, दोन गिऱ्हाइके आली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे एवढे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, सगळीकडे पितळेचा बारीक चुरा आणि टेबलाखाली पिल्लू. आजोबा बोलायला मुलखाचे कंजूष. स्पर्धेत मात्र हे पथ्यावरच पडायचे, कारण तिथे हुकूम एकदाच द्यायचा असतो, दुसऱ्यांदा तोंडातून गेला की गुण कापतात. चल, बस, थांब, आण. एवढ्या चार शब्दांवर त्या दोघांचे सगळे भागत होते.

आणि आजी असायची. आजी घरी बसून वाचनालयाची फाटलेली पुस्तके दुरुस्त करायची, त्यामुळे तिच्या हातांना कायम खळीचा आणि जुन्या कागदाचा वास. स्पर्धेला निघताना रुमालाची जबाबदारी तिची. ती तो इस्त्री करायची, चार घड्या घालायची आणि मैदान येईपर्यंत स्वतःच्या मुठीत धरून बसायची.

"जगाच्या किल्ल्या सांभाळता, पण स्वतःचा एक रुमाल सांभाळता येत नाही तुम्हाला," असे बसमध्ये एकदा तरी म्हणायचीच.

रिंगणापाशी पोचली की रुमाल आजोबांच्या हातात द्यायची आणि घडीच्या स्टुलावर टेकायची. आजोबा नियमाप्रमाणे तो तीन मिनिटे मुठीत धरत. मदतनीस बाई चिमट्याने तो उचलून इतर नऊ रुमालांत मांडत. मग आजोबा म्हणत, "आण." आणि पिल्लू जाऊन आणे. संपले. कपाटावर सात चषक होते, आणि पुसायचे काम भिंगरीचे.

भिंगरी म्हणजे नात. वय वर्षे आठ. एका जागी अर्धे मिनिट बसली तर घरात कोणीतरी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे. आजी म्हणायची, "या घरात कुत्र्याला तीन मिनिटं बसवता येतं, नातीला नाही."

मागच्या हिवाळ्यात आजी गेली.

त्यानंतरच्या पहिल्या स्पर्धेत पिल्लू दहाही रुमाल हुंगून रिकाम्या तोंडाने परत आले. दुसऱ्या स्पर्धेतही तेच झाले. आजोबा त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पिल्लूचे नाक बघितले, घसा बघितला.

"नाक ठणठणीत आहे हो. बिस्किटांचा डबा कुठे ठेवता ते कळतं ना अजून?"

ते कळत होते. डबा वरच्या फळीवर हलवला तरी कळत होते.

सर्वांत वरच्या गटाचा नियम असा, की लागोपाठ तीनदा रुमाल चुकला की नाव कमी होते. "नाव कमी झालं की आपलं मैदान बंद," आजोबांनी जेवताना सांगून टाकले. भिंगरीच्या हातातला घास तसाच राहिला. आजीच्या मागे आजोबा कुठे जातच नव्हते. दुकान उघडायचे तेही अकराला. दिवसभरात ते जे काही बोलत, ते सकाळी अंगणात सराव करताना, पिल्लूशी. ते चार शब्दही बंद झाले तर घर कसे होईल, याचा भिंगरीने विचार करून पाहिला आणि तिला तो पुढे करवेना.

तिसऱ्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी आजोबांनी खिशातून एक बोटाएवढी किल्ली काढली. लोकांची कुलपे उघडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने घरात एकाच वस्तूला कुलूप लावले होते. पत्र्याचा एक डबा. भिंगरी दारात एका पायावर उभी राहून बघत होती. डब्यात एक रुमाल होता. घडी मोडलेली नव्हती. आजीच्या हातची शेवटची घडी.

"आजोबा, आज हाच न्या ना."

"नाही."

"का पण?"

"पिल्लूच्या तोंडात गेला की लाळेनं भिजणार. भिजला की धुवावा लागणार. धुतला की झालं."

"काय झालं?"

थंडीत खिडकी किलकिली करावी तसे आजोबांनी डब्याचे झाकण जरासे उचलले, नाक जवळ नेले आणि लगेच मिटले. मग विकत आणलेला एक कोरा रुमाल पँटच्या खिशात कोंबला आणि निघाले. दारापर्यंत गेले. तिथून मागे फिरले, डबा पुन्हा उघडला आणि तो घडीचा रुमाल कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"असू दे जवळ," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते भिंगरीला कळले नाही.

बाहेर धुके पडले होते. बस त्यातून इतकी हळू चालली होती, की रस्ताच मागे सरकतो आहे आणि आपण जागच्या जागी तरंगतो आहोत असे वाटावे. झाडे येत, क्षणभर थांबल्यासारखी करत आणि विरघळून जात. पिल्लू दोघांच्या पायांशी पसरले होते आणि खिडकीपाशी, आजीच्या जागेवर, घडी केलेले स्टूल होते.

"आजी मूठ उघडून दाखवायचीच नाही," भिंगरी म्हणाली. "मी किती मागे लागायचे."

"वास उडून जातो म्हणायची."

"कोणाचा?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. मग बाहेरच्या धुक्याकडे पाहिले.

मैदानावर नेहमीची मंडळी जमली होती. धुक्यात आधी भुंकणे ऐकू येई आणि मग कुत्रे दिसे. दंतवैद्य आपल्या कुरळ्या पांढऱ्या कुत्र्याला कंगवा करत होते. एवढ्या मोठ्या दंतवैद्यांचे कुत्रे, पण पुढचे दोन दात त्याच्याच तोंडात नव्हते.

"काय कुलूपवाले, बसणार का आज किल्ली?"

"बघू. कुलूप जुनं झालंय."

"कोणतं? तुम्ही का पिल्लू?"

"दोन्ही," आजोबा म्हणाले.

पहिली फेरी चालण्याची. पिल्लू आजोबांच्या डाव्या गुडघ्याला लागून असे चालले, की दोघांची मिळून एकच सावली पडावी. दुसरी फेरी बसण्याची. मालक कापडी पडद्यामागे गेले आणि कुत्री ओळीने बसून राहिली. दंतवैद्यांच्या कुत्र्याला दीड मिनिटात फुलपाखरू दिसले आणि ते गेले. पिल्लूच्या नाकाच्या शेंड्यावरून एक माशी चालत गेली. पिल्लू फोटोतल्यासारखे बसून होते. पूर्ण गुण.

मग रुमालाची फेरी आली. या फेरीला कोट घालून आत जाता येत नसे, खिशात खाऊ लपवला असेल तर काय घ्या. आजोबांनी कोट काढला. दोरीशी आजीचे स्टूल मांडले होते आणि त्यावर भिंगरी, म्हणजे त्यावर, त्याखाली आणि त्याच्या भोवती.

"हा धर. मांडीवर ठेव. नीट."

"आजोबा," तिने हळूच विचारले, "आतला देऊ का काढून?"

आजोबांचा हात कोटावर तसाच राहिला. पलीकडे मदतनीस बाई चिमटा घेऊन वाट बघत होत्या. मग आजोबांनी पँटच्या खिशातून कोरा रुमाल काढला, मुठीत धरला आणि आत गेले.

तीन मिनिटांनी तो कोरा रुमाल चौथ्या जागेवर मांडला गेला. गोल टोपी घातलेल्या पंचबाईंनी मान हलवली.

"आण," आजोबा म्हणाले.

पिल्लू निघाले. पहिला रुमाल हुंगला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी थांबले. त्याची शेपटी जराशी हलली. एखादे माणूस रस्त्यात अर्धेच ओळखीचे वाटावे, आपण हसू लागावे आणि मग ते भलतेच निघावे, तशी ती शेपटी हलली आणि थांबली. ते पुढे गेले. दहावा झाला. परत पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. दोरीपलीकडे कोणी हसत नव्हते. धुके आता गवतापासून हातभर वर उचलले होते आणि त्याखालून मोठे पिकल्या तोंडाचे ते कुत्रे जणू पाण्यातून चालत होते.

मग त्याने मान वर केली. वाऱ्याची एक झुळूक दोरीकडून रिंगणात येत होती. पिल्लूने डोळे बारीक केले, वळले आणि घाई न करता सरळ दोरीकडे चालू लागले. दोरीखालून वाकून बाहेर आले आणि भिंगरीपुढे उभे राहिले.

भिंगरीचे दोन्ही हात मांडीवरच्या कोटावर होते. आतल्या खिशातली घडी तिला तळव्याखाली लागत होती. तिला डबा आठवला, त्याला लावलेले कुलूप आठवले आणि धुतला की झालं, हेही आठवले. तिने आजोबांकडे पाहिले. रिंगणातून हुकूम देता येत नव्हता, खूणही करता येत नव्हती. ते नुसते उभे होते.

भिंगरीने हात उचलले.

पिल्लूने कोटात तोंड घातले, कुठे शोधाशोध केली नाही, आणि तो रुमाल दातांच्या टोकांत इतका अलगद धरून बाहेर काढला की घडीसुद्धा मोडली नाही. मग दोरीखालून आत जाऊन, नियमाप्रमाणे, ते आजोबांसमोर ताठ बसले. मान वर. रुमाल तोंडात. शेपटी गवतावर आपटत होती.

आजोबा वाकले, दोन्ही हात पुढे करून रुमाल घेतला आणि पिल्लूच्या डोक्यावर कपाळ टेकवले. असे रिंगणात करायचे नसते.

पंचबाई जवळ आल्या. "मला शून्य लिहावं लागेल हो. बाहेरून आणला त्यानं."

"लिहा."

"नावही जाईल मग, वरच्या गटातून."

"ठाऊक आहे, बाई."

त्यांनी लिहिले. मग पेन मिटून विचारले, "कोणाचा आहे तो?"

"आमचा," आजोबा म्हणाले. "सात वर्षं मला वाटत होतं, हा माझा हात ओळखतो. हा दोघांचा शोधत होता. चूक त्याची नव्हती. मीच अर्धा रुमाल मांडत होतो."

पंचबाईंनी टोपी काढली, उगाच झटकली आणि पुन्हा घातली.

बाहेर आल्यावर दंतवैद्यांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रागावले मात्र आपल्या कुत्र्याला. आजोबांनी कोट घातला. ओला रुमाल नाकाशी नेला आणि आतल्या खिशात ठेवला. मदतनीस बाईंनी चौथ्या जागेवरचा कोरा रुमाल परत आणून दिला, तो त्यांनी न बघताच हातात धरला.

"चला," ते म्हणाले. "झालं आपलं. ऊठ भिंगरी, स्टुलाची घडी घालू."

भिंगरी उठली नाही. तिने मदतनीस बाईंना विचारले, "नवख्यांच्या गटाला वय किती लागतं?"

"आठ पूर्ण. पण कुत्र्याला वयाची अट नाही हो," बाई पिल्लूकडे बघून म्हणाल्या. "मोठं माणूस मात्र सोबत लागतं."

"मला आठ झालीत," भिंगरी म्हणाली आणि आजोबांपुढे हात पसरला. "तो द्या."

"कोणता?"

"हातातला. नवा."

आजोबांनी हातातल्या रुमालाकडे आत्ता पाहिले. मग तो तिला दिला.

"किती वेळ धरायचा?"

"तीन मिनिटं," ते म्हणाले. "पण हलायचं नाही. जमायचं नाही तुला."

ते गवतावर पिल्लूशेजारी बसले आणि त्यांनी मनगटावरचे घड्याळ वर केले. भिंगरीने रुमालाच्या चार घड्या घातल्या, तो उजव्या मुठीत घट्ट मिटला, मूठ मांडीवर ठेवली, पाय स्टुलाच्या दांडीला टेकवले आणि ती बसून राहिली.