ओठाचा डावा कोपरा

आधी त्याने डावे बुबुळ खाली सरकवले, मग उजवे. पापण्या थोड्या मिटत्या केल्या. पडद्यावरची मुलगी आता खेळण्यातल्या शेगडीकडे बघू लागली. घटकाभरापूर्वी ती आ वासून उजवीकडे, फोटोच्या चौकटीबाहेर बघत होती. तिकडे पुढच्या फोटोसाठी खेळण्यातली क्रेन मांडून ठेवलेली होती.

मुलगी त्याचीच होती. खेळण्यांचे खोके छापणाऱ्या या ऑफिसात फोटोंचे टचअप तो करत असे. ठरलेली मुलगी ऐनवेळी आजारी पडली, म्हणून तो घरून आपल्या भिंगरीलाच घेऊन आला होता.

खेळण्यांच्या कंपनीच्या मॅडम त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"आता हसू द्या जरा. शेगडी मुलींची, क्रेन मुलांची. आया लांबूनच गुलाबी खोका ओळखतात. त्यावरची मुलगीच भलतीकडे बघत असली, तर कोण घेईल?"

त्याने ओठांचे कोपरे उचलले. डावा केसभर जास्तच उचलला गेला. चूक त्याला दिसली. पण जेवायची सुट्टी झाली होती, आणि असली बारीक गोष्ट कुणाच्या बापाला कळणार होती?

खोके छापून दुकानांत लागले तेव्हा एक त्याने कौतुकाने घरी नेला. भिंगरी स्टुलावर चढून जुन्या घड्याळाचे स्क्रू काढत होती. घरातली एक वस्तू या पोरीने धड ठेवली असेल तर शपथ. ती खाली उतरली आणि खोक्याकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही मी नाही. मी क्रेनकडे बघत होते. बाबा, तू होतास ना तिथे?"

"तूच आहेस ती. बघ, कशी शहाण्यासारखी दिसतेस."

हे त्याने बोलायला नको होते. पोरगी खोका मांडीवर घेऊन बसली, आणि दिवे लागले तरी तिने त्यावरची नजर हटवली नाही.

दुसऱ्या दिवशी घर शांत होते. घड्याळाचे स्क्रू वाटीत तसेच पडले होते. भिंगरी मान खाली घालून जमिनीवर बसली होती.

"बाबा, चहा घ्या," रिकामा कप पुढे करत ती म्हणाली. कालपर्यंत ती त्याला अरेतुरे करत होती.

बायको खूश होती.

"आलं बाई शहाणपण एकदाचं. आता तू तिला काही शिकवू नकोस."

त्याने हसत कप घेतला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. भिंगरीच्या ओठाचा डावा कोपरा केसभर वर होता.

जिन्यात शेजाऱ्यांची धाकटी भेटली. काखेत गुलाबी खोका. एरवी ती त्याला बघून जीभ काढायची. आज मान खाली घालून नुसती हसली. डावा कोपरा. बसथांब्यावर आईचा हात धरून उभी असलेली कुणाची तरी मुलगीही तशीच हसली. त्याला तिच्याकडे बघवेना.

येताना त्याने क्रेन विकत आणली. भिंगरीने ती उचलली, फडक्याने स्वच्छ पुसली आणि त्याच्या पायाशी आणून ठेवली.

"तुमची," ती म्हणाली.

आता एकच उपाय होता. मूळ फोटो. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. तो छापून पोरीच्या हातात द्यायचा आणि सांगायचे, ही बघ, तू अशी आहेस. सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच तो दारात जाऊन उभा राहिला.

त्याने फाईल उघडली. मुलगी शेगडीकडे बघत होती. त्याने फाईल बंद करून पुन्हा उघडली. ओठाचा डावा कोपरा वर होता.

"मूळ फोटोला कुणी हात लावलाय का?" त्याने फोटोग्राफरला विचारले.

"कोण लावणार? पोर गुणी आहे हो तुमची. आल्यापासून खालीच बघत होती. एकदा म्हणून मान वर केली नाही तिने."

फोटोग्राफर आपल्या कामाला गेला. बापाने माउस हातात घेतला. नजर खाली आणता आली, तर परत नेताही येईल. त्याने डावे बुबुळ पकडले आणि तो तसाच थांबला. डोळे मिटून तिचा तो आ वासलेला चेहरा आठवून पाहिला. क्रेन डावीकडे होती की उजवीकडे, ते त्याला काही केल्या आठवेना.