मनकर्णाचा वाटा पाहिलेला दगड

मित्रांनो, शिरड शहापूरच्या शिवारात, दोन शेतांमधल्या धुऱ्यावर निम्मा जमिनीत आणि निम्मा वर असा मी उभा आहे. मी एक जुना हद्दीचा दगड आहे.

पाथरवटाने मला माळावरच्या खडकातून काढले, छिन्नीने चौकोनी केले. बैलगाडीतून मी इथे आलो. अलीकडच्या शेतातल्या उत्तमरावांचे वडील आणि पलीकडच्या शेतातल्या खुर्शीदबीचे सासरे, दोघांनी मिळून मला गाडले. माझ्या अलीकडचे शेत एकाचे, पलीकडचे दुसऱ्याचे. मला मोठे नवल वाटे. मुंग्या तर कोणाला न विचारता दोन्हीकडे जातात. मग माणसे 'माझे' कशाला म्हणतात?

पूर्वी पेरणीआधी मला चुना लावत. पुढे ट्रॅक्टर आले. नांगराचा फाळ लागून माझा एक कोपरा उडाला आणि मी गवतात दिसेनासा झालो.

उत्तमराव वारले. त्यांचा मुलगा जगन शेत पाहू लागला. त्याची थोरली बहीण मनकर्णा नवरा गेल्यापासून माहेरीच होती, शेतातल्या खोपटात राहायची. पेरायला, खुरपायला, काढणीला तीच असायची. मला वाटे, शेत तिचेच.

एके दिवशी गावच्या शाळेतल्या प्रियदर्शनी बाई मुलांना घेऊन आल्या. गवत बाजूला सारून त्यांनी मला दाखवले. "हा हद्दीचा दगड. आता सांगा, अलीकडचं शेत कोणाचं?"

"जगनमामाचं," मुले म्हणाली.

"आणि राबतं कोण?"

"मनकर्णामावशी."

बाई म्हणाल्या, "वाडवडिलांकडून आलेल्या जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क असतो. लग्न झालं म्हणून तो जात नाही. तिनं स्वतः सही करून सोडला, तरच जातो."

सोयाबीनमध्ये खुरपत बसलेल्या मनकर्णाचा हात थांबला.

पुढच्याच आठवड्यात जगन कागद घेऊन आला. हिंगोलीच्या एका माणसाला त्याला शेत विकायचे होते.

"आक्का, इथं सही कर. हक्कसोड हाय. सगळ्याच बहिणी करतात."

"शेत इकलं की मी कुठं जाऊ?"

"माझ्या घरी ऱ्हाय की. तुला काय कमी केलं?"

"काहीच न्हाई. पण उद्या तू नसलास, तर मला कोण ठेवून घेईल? मी सही करत न्हाई."

"बहीण वाटा मागती म्हणून गाव हसंल."

धुऱ्यापलीकडून खुर्शीदबी म्हणाली, "जगन, आमच्यात बी पोरीला हिस्सा असतो. भावापेक्षा कमी, पण असतो. मी माझा मागितला न्हाई. वाटलं, गोडी ऱ्हाईल. पण ती बी ऱ्हाईली न्हाई. आता भावाच्या दारात जायला बी मन कचरतं."

जगन कागद घेऊन निघून गेला. विक्री मोडली आणि बहीणभावाचे बोलणेही बंद झाले. राखीपौर्णिमेला मनकर्णा राखी घेऊन धुऱ्यावर बसून राहिली. जगन आला नाही. मला फार वाईट वाटले. हक्क मागितला की माया जाते का, हे मला कळेना.

सोयाबीन काढणीला आले. जगनची मुलगी मंजुषा त्याच्यासोबत शेतात आली. बाईंसोबत आलेल्या मुलांत तीही होती. तिने विचारले, "बाबा, मोठी झाल्यावर मला बी सही करावी लागंल का?"

जगनने हातातला विळा खाली ठेवला. लांब कापणी करणाऱ्या मनकर्णाकडे पाहत तो माझ्यावर बसला.

दिवाळीनंतर जगननेच शेताचे दोन सारखे वाटे करायला मोजणी आणली. शेताच्या मधोमध नवा दगड बसवायचे ठरले. खड्डा जगननेच खणला. दगड उभा करून तो म्हणाला, "आक्का, बराबर हाय का बघ."

मनकर्णाने लांबून नजर लावली. "बराबर हाय," ती म्हणाली आणि त्याच्याबरोबर खड्ड्यात माती लोटू लागली.

मित्रांनो, धुरा कोरू नका, आम्हा दगडांना सरकवू नका. आणि आज घरी गेल्यावर एवढे विचारा, की आपल्या घरावर, शेतावर कोणाकोणाची नावे आहेत. आईचे, आत्याचे नाव नसले, तर ते का नाही, हेही विचारा.