चोवीस किलो

"एक्केचाळीस किलो! अण्णा, ही गाडी हाय, मालट्रक न्हाय," बजरंग म्हणाला.

धाराशिवच्या मार्केट यार्डातल्या आडतीच्या काट्यावर, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, रामकिसन सुतारांनी केलेला सागवानी पलंगाचा सांगाडा पडला होता. बजरंग त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात नोकरीला. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याने तिचं फिरतं घर करायला काढलं होतं. तो आणि बायको अर्पिता दोन महिने भटकणार होते. पहिला मुक्काम दांडेलीच्या जंगलात.

"लोखंडी पाइपचं करू का मग?" रामकिसननी विचारलं.

"त्याचंबी वजन तेवढंच."

"ॲल्युमिनियम?"

"फोटोत कसं दिसेल ते! लाकूडच हवं, अण्णा," अर्पिता म्हणाली. "फक्त हलकं."

दांडेलीचं नाव ऐकल्यापासून रामकिसनांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चाळीस वर्षं सागवान कापलं, पण सागाचं उभं जंगल काही पाहिलं नव्हतं. मागे त्यांनी भीतभीत विचारलंही होतं, "मलाबी नेता का?" त्यावर बजरंग म्हणाला होता, "जागा हाय अण्णा, पण वजन बसत न्हाय." झालं, म्हाताऱ्याने ते शब्दशः खरं मानलं. नाही म्हणायची ही एक सभ्य रीत असते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग चार दिवस ते सांगाड्यामागे हात धुऊन लागले. जिथे भार येत नाही तिथे फळ्या खालून पोखरल्या. पाय निम्मे केले. खिळे काढून खाचा पाडून सांधे जुळवले, कारण खिळ्यालाही वजन असतं. वेडेपणा इतका, की रात्रीची भाकरीही बंद केली. स्वतः बावन्न किलोचे होते. पन्नासवर आले तर पोराचं काम सोपं होईल, असा विचार.

पाचव्या दिवशी काटा चोवीसवर थांबला. सांगाडा गाडीत बसवला, वर गादी टाकली. रामकिसन तिच्यावर आडवे झाले आणि दोन्ही कुशींवर वळून पाहिलं.

"बघ, करकरत न्हाय. सतरा किलो वाचलं."

"लई भारी काम झालं, अण्णा!" बजरंग मनापासून खूश झाला. "अर्पिता, आता ब्रूनोला नेता येतंय. त्याला डॉग हॉस्टेलात ठेवायला नको."

खाली उभं असलेलं कुत्रं आपलं नाव ऐकून शेपटी हलवू लागलं.

"आन् मी?" रामकिसननी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्पिता मोबाइल बघत खाली उतरली.

"तुम्ही कुठं येता अण्णा? रात्रभर खोकता. आमी दोघंच जरा निवांत..." बजरंग थांबला. मग हसून म्हणाला, "तुमाला फोटो पाठवतो की. रोज."

 रामकिसनांना फार लाज वाटली, पोराची नव्हे, स्वतःची.

"उठा आता. गादीला भुसा लागतोय," बजरंग म्हणाला. "आणि पलंगाखाली ब्रूनोला झोपायला एक कप्पा करा. उद्या सकाळी निघायचंय."

रामकिसन उठले. गादी हाताने झटकली. खाली उतरून कुत्र्यापाशी बसले, खिशातला टेप काढला आणि नाकापासून शेपटीपर्यंत माप घेतलं. मग चार बोटं जास्त धरून आकडा फळीवर लिहिला, त्याला पाय पसरता यावेत म्हणून.