सहा वाजताचं माप

थोरलीच्या शिवणाच्या दुकानात एकच नियम होता, आणि तो तिच्या वडिलांनी घालून दिलेला होता. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की लगेच वहीत लिहायचं आणि डोक्यातून काढून टाकायचं. डोकं म्हणजे काही कपाट नव्हे, असं मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे तिचे वडीलच. चौथीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. साठ वर्षं त्यांनी दुनियेच्या अंगावर कपडे बसवले, आणि आता एक्याऐंशीव्या वर्षी त्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती.

तेवढ्यावर भागलं असतं तर थोरलीने हूं की चूं केलं नसतं. पण रोज सहाच्या ठोक्याला मास्तर गळ्यात टेप अडकवून कुणालातरी शोधायला लागत. टेबलाखाली वाकत, कपाटं उघडत, दारावर मुठी आपटत. ते कुणाला शोधतात हे जगात फक्त थोरलीला ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना आई गेली. धाकटा तेव्हा पाळण्यात होता. त्या वर्षी मास्तर रोज संध्याकाळी तिला कापायच्या टेबलावर उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत मापत आणि ओरडत, "बाप रे, एवढी वाढलीस? आता कापड पुरणार नाही!" मग तिने कमरेवर हात ठेवून, शिवणीत राखलेल्या जादा कापडाची आठवण देत म्हणायचं, "आत दोन बोटं सोडलंय ना, ते उसवा!" की दोघं हसत सुटायची. आई नसलेल्या घरात तेवढंच हसू होतं.

आता मास्तर तिला ओळखत नव्हते. पण ते उत्तर ओळखत होते. ती दुकानातून जिना चढून वरच्या घरात येई, समोर उभी राही, उत्तर देई, आणि मास्तर शांत होत. पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. सांभाळायला ठेवलेल्या बायका महिन्याभरात तीन पळाल्या. चौथी तर छत्री विसरून गेली आणि ती न्यायलाही फिरकली नाही. धाकटा परगावाहून फोनवर सांगायचा, "त्यांना कशात तरी गुंतवून ठेव ना." उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! थोरलीच्या मात्र नाकी नऊ आले होते. एके संध्याकाळी ती गरम इस्त्री तशीच ठेवून वर धावली. खाली येऊन पाहते तो गिऱ्हाइकाच्या कोटाच्या पाठीला इस्त्रीएवढं भोक. त्या भोकातून हात घालून ती बराच वेळ बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना ठेवण्यासाठी जागा पाहायला सुरुवात केली.

दोन जागांना मुतारीचा वास होता. तिसरीत टीव्ही एवढ्या मोठ्याने लावलेला की म्हाताऱ्यांचं ओरडणं ऐकू येऊ नये. चौथी जागा पाण्याच्या टाकीमागे होती, आणि तिथे कुणी ओरडतच नव्हतं. अकरा म्हातारी माणसं, धुतलेले पडदे, स्वच्छ नखं. प्रत्येकाजवळ एकेक बाई अगदी खेटून बसलेली. व्हरांड्यातल्या बाकावर भेटायला आलेली मंडळी बँकेत रांगेला बसावं तशी अदबीने बसली होती. एक साठीचे गृहस्थ स्वतःच्याच आईबद्दल तिच्या बाईला विचारत होते, "चहात साखर घेतात का हो या?" थोरलीला वाटलं, काय शिस्त आहे! तिला ती शिस्त आवडली, हे पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

मास्तरांच्या वाट्याला आलेली मावशी कुठल्याही वयाची वाटली असती. चेहरा असा की पाठ फिरवताच आठवू नये. तिने थोरलीच्या हातात एक कोरी वही दिली.

"त्यांचं सगळं लिहा, ताई. काय आवडतं, काय खुपतं, घरात कुणाला काय हाक मारत. जेवढं लिहाल तेवढं त्यांना परकं वाटणार नाही."

लिहिण्यात थोरलीचा हात कोण धरणार? दोन दिवसांत तिने तीस पानं भरली. मास्तरांना दुधावरची साय चालत नाही. कात्री खाली पडली की ते तीन टिचक्या वाजवतात. काज करताना कुठली चाल गुणगुणतात. काटकुळ्या थोरलीला लहानपणी काय म्हणत. फक्त सहा वाजताचं तिने लिहिलं नाही. ते तिचं स्वतःचं होतं, आणि परक्या बाईला सांगायची लाजही वाटली.

मास्तरांना तिथे ठेवून आठवडा झाला आणि धाकट्याचा फोन आला. "काय टाचणीताई, रमले का अप्पा?"

"हे काय नवीन नाव काढलंस?"

"नवीन? अगं, अप्पा तुला जन्मभर टाचणीच म्हणत आलेत. मीही म्हणतो."

थोरलीने मनात शोधलं. टाचणी म्हणजे टाचणी, पिवळ्या डब्यात असते ती. त्यापलीकडे काही नव्हतं. मग तिने ती चाल गुणगुणून पाहिली, आणि ओठ नुसते हलले. तशीच ती टाकीमागच्या घरी गेली, वही मागून घेतली आणि वाचू लागली. अक्षर तिचंच होतं, पण वाचताना दुसऱ्याच कुणाच्या बापाची हकीगत वाचावी तसं वाटत होतं. खोलीत मावशी मास्तरांचा सदरा दुमडत होती आणि ती चाल गुणगुणत होती. मास्तर मान डोलवत होते.

"माझं मला परत द्या," थोरली म्हणाली.

"वही तुमचीच आहे ताई, न्या की."

"वाचून परत येत नाही ते."

"नाही येत," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना दया. "डोकं म्हणजे काही कपाट नव्हे."

हे वाक्य थोरलीने वहीत कुठेही लिहिलं नव्हतं. त्याच दिवशी ती मास्तरांना घरी नेणार होती, पण मास्तरांच्या गालावर मांस आलं होतं. दाढी नीट केलेली होती. ते रात्रभर झोपत होते. दोन वर्षांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. फक्त हातांची बोटं सोललेली होती.

"सहा वाजता दार ठोठावतात," मावशी म्हणाली. "तेवढं एक राहिलंय लिहायचं. काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

थोरली लिहिणार नव्हती. जीव गेला तरी नाही. ती रोज सहाला जाऊ लागली. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून, पाय ओढत, टाकीला वळसा घालून. ती समोर उभी राही, मास्तर मापत, ती उत्तर देई. सातला ती निघे, आणि फाटकापाशी पोचेपर्यंत मागून मुठींचा आवाज सुरू होई. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस मास्तरांच्या कपाळावर पाच टाके दिसले. दार उघडेना म्हणून त्यांनी डोकं आपटलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना टाके घातलेला माणूस स्वतःच्या कपाळावरचे टाके चाचपत तिला विचारत होता, "बाई, इथे एक लहान मुलगी होती. पाहिलीत का?"

थोरलीने वही मागितली. लिहिण्याआधी तिने ते उत्तर दहा वेळा मोठ्याने म्हटलं, अकराव्यांदा मनात म्हटलं आणि मग शेवटच्या पानावर उतरवलं. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा तिला फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती बाकावर अदबीने बसली होती. घरात चिडीचूप. मास्तर टेप घेऊन खोलीतून बाहेर आले. मावशी पुढे झाली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तिला बाजूला सारून ते सरळ बाकाकडे आले.

"टाचणे, अशी बसलीस काय? ऊठ."

थोरलीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. ती उठली. मास्तरांनी टेपचं टोक तिच्या डोक्यावर धरलं, कुरकुरत वाकले आणि टाचेपर्यंत माप घेतलं. किती महिन्यांनी ते तिच्याकडे पाहत होते, खरोखर तिच्याकडे. हे आपले वडील आहेत एवढं तिला माहीत होतं. पोटातून रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं.

"बाप रे, एवढी वाढलीस? आता कापड पुरणार नाही!"

आणि ते थांबले. डोळे चमकत होते. काहीतरी म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळायला लागलं. टेप धरलेली मूठ हळूहळू वळायला लागली.

"आत दोन बोटं सोडलंय ना, ते उसवा!"

आवाज थोरलीचाच होता. सहा वर्षांच्या थोरलीचा. तो तिच्या खांद्यामागून आला, जिथे मावशी कधी येऊन उभी राहिली हे तिला कळलं नव्हतं. मास्तर खो खो हसले. कोण बोललं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी थोरलीच्या पिकल्या केसांवरून हात फिरवला आणि खोलीत जाऊन शांत बसले.

थोरलीने घाईघाईने पिशवीतून दुकानाची मापाची वही काढली. "काय म्हणालात तुम्ही? पुन्हा सांगा, लिहून घेते."

मावशीने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. पहिल्यांदाच तिच्या त्या न आठवणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"लिहायचं नाही, ताई. उद्या सहाला या. मी हळू म्हणेन, तुम्ही माझ्यामागून म्हणा."