पाय फाटकाकडे

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. माझे पाते झिजून निम्मे उरले आहे आणि हा दांडा माझा चौथा. लोहाराने मला घडवले तेव्हा त्याच्या मनात कुणाची बाग होती की कुठले बांधकाम, कोण जाणे. मी येऊन पडले दफनभूमीत. माझी भावंडे फुलझाडांना आळी करत असतील आणि माझ्या वाट्याला मात्र कबरी, या विचाराने मी पहिले काही महिने खट्टू होते.

माझ्या धन्याने माझी समजूत पालटली. त्याला सगळे मातीकाका म्हणत. बोलणे मोजके, पण कामात कसर नाही. कबरीचा तळ तो हाताने चाचपून बघे आणि एकही खडा राहू देत नसे. तिथे येणारी माणसे आपल्या माणसाला ‘मेला’ म्हणत नसत. ‘प्रभूमध्ये निजला’ म्हणत. प्रभू एक दिवस परत येईल, निजलेल्यांना उठवील, आणि मग मरण म्हणून काही उरणार नाही, असा त्यांचा विश्वास. तो पूर्वेकडून येईल, म्हणून डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. उठून बसल्याबरोबर समोर प्रभूच दिसावा. मातीकाका म्हणे, आपण फक्त अंथरूण घालतो, उठवणारा दुसरा आहे. हे कळल्यावर मी मान वर करून कामाला लागले.

जुन्या दफनभूमीचे फाटक पूर्वेला होते. त्यामुळे काकाला दिशा बघावीच लागत नसे. पाय फाटकाकडे, झाले. तीस वर्षांत ही सवय त्याच्या अंगात मुरली होती. मग जागा भरली. पश्चिमेच्या भिंतीपलीकडची जमीन मिळाली आणि रस्ता त्या बाजूला असल्याने तिचे फाटक पश्चिमेला बसले.

त्या नव्या जमिनीत पहिले निजले ते घड्याळे दुरुस्त करणारे मास्तर. फार काटेकोर माणूस. उपासनेची घंटा अर्धे मिनिट उशिरा झाली तरी घंटा वाजवणाऱ्याची खैर नसे. त्या आठवड्यात असे धुके पडले होते की हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. आजूबाजूला दुसऱ्या कबरीचा एकही दगड नाही, सूर्याचा पत्ता नाही. काकाने फाटक चाचपले आणि तीस वर्षांच्या सवयीने मला चालवले. खांद्यांकडे रुंद, पायांकडे निमुळती अशी कबर झाली. पेटी तिच्यात बरोबर बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली.

तिसऱ्या दिवशी धुके उठले. माती सारखी करायला आम्ही सकाळीच गेलो, तर सूर्य नेमका उशाच्या क्रूसामागून वर येत होता. काका जागच्या जागी बसला. मास्तरांचे पाय पश्चिमेला होते.

घरी काकूने त्याला समजावले, की माती झाली, झाकली गेली, कोण बघायला जातंय. पाळकसाहेबही म्हणाले, की देवाला दिशांची अडचण नाही, गप्प राहा. काकाने दोघांचे ऐकून घेतले आणि मला खांद्यावर टाकून थेट मास्तरांच्या घरी गेला. मला दारात टेकवले. आतल्या भिंतीवर अकरा घड्याळे होती आणि मास्तरांच्या पत्नी स्टुलावर चढून त्यांना चावी देत होत्या.

“वहिनी, माझ्या हातून चूक झाली. मास्तरांना मी उलटं ठेवलं.”

त्या खाली उतरल्या. चावी त्यांनी स्टुलावर ठेवली.

“भाऊजी, आजारपणात रोज रात्री मी त्यांना हेच सांगत होते, डोळे उघडाल तेव्हा समोर प्रभूचं तोंड असेल. आता समोर काय असणार? फाटक?”

काकाने मान खाली घातली, पण पाऊल मागे घेतले नाही. “सरकारी परवानगी आणून मी स्वतः कबर उघडीन आणि त्यांना सरळ निजवीन,” एवढे त्याने सांगितले. पुढचे पंधरा दिवस तो कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. कारकून हसले, एकाने तर विचारले, की कबरीतल्या म्हाताऱ्याने तक्रार केली का. काका हूं की चूं न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी शिक्क्याचा कागद मिळाला.

ठरलेल्या सकाळी आम्ही कबरीपाशी गेलो. पाळकसाहेब होते, दोघे-तिघे नातलग होते. काकाने मला उचलले आणि पहिला घाव घालणार, तोच वहिनींनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो. पकड पक्की होती.

“थांबा भाऊजी. पंधरा दिवस मी बायबलातली एकच गोष्ट वाचते आहे. प्रभू उठला त्या सकाळी बागेत एक बाई रडत उभी होती. तो तिच्या मागे उभा होता, तिची पाठच होती त्याच्याकडे. त्याने नावाने हाक मारली आणि ती वळली.” मग त्यांना जरासे हसू आले. “अहो, हे तर मी स्वयंपाकघरातून नुसतं ‘ऐकलंत का’ म्हटलं तरी वळायचे. प्रभू नावाने बोलावील तेव्हा वळणार नाहीत?”

काकाच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

“एवढं करा,” वहिनी म्हणाल्या, “माझी वेळ येईल तेव्हा मलाही त्यांच्याशेजारी असंच ठेवा. एकट्याने वळायला नको, दोघं मिळून वळू.”

सहा वर्षांनी ती वेळ आली. नवे पाळकसाहेब म्हणाले, ओळ विचित्र दिसेल, लोक विचारतील. काकाने टोपी काढली आणि शांतपणे सांगितले, “विचारू द्या साहेब. सांगायला मी आहे.” वहिनी मास्तरांच्या शेजारी त्यांच्याच बाजूने निजल्या.

आता काकाही निजला आहे. त्याच्यासाठी माती मीच काढली. पुढे खोदायला यंत्र आले आणि मी या पडवीत गंजत टेकले आहे. त्याचे मला दुःख नाही. दुःख होते ते गवताचे. कबरींवर ते कमरेइतके वाढले आहे, कारण माणसे समजतात की इथले सगळे संपले. मित्रांनो, संपलेले नाही. पाहुणा येणार असला की तुम्ही अंगण झाडता ना? मग कधीतरी या, पडवीचे दार ओढा, माझे पाते दगडावर घासा आणि मला हाती घ्या. मी म्हातारे असले तरी गवताला पुरून उरेन. तो येईल त्या सकाळी ही जागा स्वच्छ असली पाहिजे.