डागाला लाल दोरा

सुंदरा आता दवाखान्यातून परत येणार नाही, हे घरात कळले तेव्हा माझ्यावर अर्धी घडी घातलेली पोपटी साडी होती. सुंदराचे यजमान वाल्मिकभाऊ आत आले आणि चप्पल न काढताच माझ्याजवळ बसले. त्यांनी ती साडी सरळ केली, मग पुन्हा विस्कटली. मुलगी मयुरीने विचारले, "बाबा, मम्मी?" ते साडीची घडी घालू लागले. तिला कळले. मलाही कळले.

मित्रांनो, मी एक लाकडी फळी आहे, आणि जुनी आहे. सुरतला पांडेसऱ्यात एका खोलीत राहते. मी कुठल्या झाडाची ते आठवत नाही. दुपारी पंखा फिरू लागला की पाने हलल्यासारखे वाटते, एवढेच. पुढे मी एका मोठ्या खोक्याची बाजू झाले. त्या खोक्यातून गिरणीचे यंत्र समुद्रावरून आले. माझे तोंड आतल्या बाजूला होते, म्हणून समुद्र मी पाहिला नाही. पण ते डुलणे अजून अंगात आहे. गिरणीत खोके फोडले, तेव्हा रंगखात्यात काम करणाऱ्या वाल्मिकभाऊंनी मला मागून घेतले आणि घासून, चार पाय लावून घरी आणले.

"इतली मोठी फळी! मंग आपन कोठे झोपसूत?" सुंदरा म्हणाली आणि हसली. ही माणसे खानदेशची. घरात थोरली तशीच बोलतात.

बाजारातल्या शेठकडून साड्यांचे गठ्ठे येत. सुंदरा प्रत्येक साडी माझ्यावर पसरायची, तपासायची, पुठ्ठा घालून घडी करायची. चौदा वर्षे तिचे हात माझ्यावरून फिरले. साडीवर डाग किंवा तुटलेला धागा दिसला, की ती तिथेच काठाला लाल दोरा बांधायची. म्हणजे शेठला आधी डाग दिसावा, मग साडी.

शेजारच्या मंगलाबाई चिडवायच्या. "येडी शे तू. डाग घडीमा घाल. शेठले काय दिसस?"

"शेठले नही दिसस, पन नेसनारीले दिसस ना," सुंदरा म्हणायची.

गठ्ठे उचलले की माझ्यावर मयुरीची पुस्तके यायची. तिला एमबीए करायचे होते. गल्लीतल्या अकरा बायकांना साड्या वाटून देणे आणि वेळेवर परत घेणे हे काम तीच बघायची. त्यातूनच तिला ही आवड लागली. नोव्हेंबरात तिने प्रवेश परीक्षा दिली. जानेवारीत निकाल आला. एकसष्ट पर्सेंटाइल. तिने वहीत लिहिलेल्या कॉलेजांत निवडल्या जाणाऱ्या मुलांची सरासरी नव्वदच्या पुढे होती.

"हाई कमी शे का?" सुंदराने विचारले.

"खूप कमी, मम्मी."

"मंग आते काय करशी?"

"तरी फॉर्म भरीन."

"भर," सुंदरा म्हणाली आणि पुढची साडी उचलली.

फेब्रुवारीत ती आजारी पडली. अठरा दिवसांत संपले.

चार कॉलेजांनी मयुरीला नाही म्हटले. पाचव्याच्या फॉर्ममध्ये एक जागा होती. गुण कमी असतील तर कारण सांगा, अशी. तिची मैत्रीण स्नेहा म्हणाली, "लिख दे ना, मम्मी बीमार थी. कोण बघायला येणार आहे?" मयुरीने तसेच लिहिले. मी लॅपटॉपखाली होते. तिची बोटे नेहमीपेक्षा जोरात पडत होती.

वाल्मिकभाऊंनी ते सावकाश वाचले. मग म्हणाले, "बेटा, तुनी माय परीक्षानंतर आजारी पडनी."

"कोणाला कळणार आहे, बाबा?"

"माले कळस. तुले बी कळस. तिना अंगवर तुना डाग टाकू नको."

"मग काय लिहू? मला गणित जमत नाही असं?"

"तेच लिख."

मयुरी रागाने उठली. पाणी प्यायली, परत आली आणि डोके माझ्यावर टेकून रडली. मग तिने ते सगळे खोडले. गणितात मी कमी पडले, सराव परीक्षांतही तिथेच गुण जात होते, आता रोज सकाळी तेवढेच करते, असे लिहिले. खाली आईच्या लाल दोऱ्याबद्दल लिहिले, आणि त्यामुळे आमचा गठ्ठा बाजारातून कधी परत आला नाही हेही लिहिले.

आता माझ्यावर साड्या येत नाहीत. तरी वाल्मिकभाऊ मला रोज ओल्या फडक्याने पुसतात. पुसून झाले तरी पुसत राहतात. डोळा लागल्यासारखे होते मला, आणि वाटते की मी अजून बोटीत आहे आणि कुणीतरी वरून साडी पसरते आहे. मित्रांनो, फळी पुसली नाही तरी चालते. तुमच्या घरात जिच्यावर सगळे घर टेकलेले असते, तिला मात्र ती असतानाच विचारा, की तुझे हात दुखतात का. वाल्मिकभाऊंनी मला घासले, बसवले, माझे पाय दोनदा बदलले. सुंदराला हे तेवढे त्यांनी कधी विचारले नाही.

फॉर्मची मुदत शनिवारी संपते. आज गुरुवार आहे. फोटो, गुण, तो खरा मजकूर, सगळे भरून झाले आहे. पालकांच्या रकान्यात आईच्या नावापुढे दोन चौकटी आहेत. हयात आणि दिवंगत. एकीवर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.

मयुरीने लॅपटॉप बाबांकडे सरकवला. "तुम्ही करा."

"उद्या करूत," ते म्हणाले.

ती खूण करायची राहिली आहे.